ग्रंथालयाचे मुखपान भाड्याचे नको

महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी महाजालावरचे एखादे ‘जुळवून घेता येणारे मुखपान’ निवडावे, त्यात बातम्या, कोश, नियतकालिके, विद्यापीठाच्या सूचना अशा चौकटी मांडाव्यात आणि विद्यार्थी संगणकापुढे बसताच ते पान त्याच्यासमोर यावे, ही कल्पना आता वीस वर्षांची झाली आहे. या वीस वर्षांत ती किमान तीनदा मेली आणि प्रत्येक वेळी नवे नाव घेऊन परत आली. २०२५ च्या जूनमध्ये नेटवाइब्स बंद झाले आणि ‘आता याच्या जागी कोणते घ्यावे?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. सिंबालू, स्टार्ट.मी, प्रोटोपेज अशी नावे पुढे केली जातात, कोणाच्या चौकटी देखण्या, कोणाचे रंग बदलता येतात, कोणाचे खाते फुकट, याची तुलना होते आणि तुलनेअंती एकाची शिफारस होते. माझा आक्षेप या शिफारशीला नाही. तो या प्रश्नालाच आहे. ग्रंथालयाने ग्रंथालय म्हणून जे काम करायचे, ते न करण्याची सोय म्हणून हे साधन निवडले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर ही सोय त्याच्या मुळावर येते.

प्रथम या साधनांचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण शिफारस करणारे तो सांगत नाहीत. वाचकाने स्वतः रचायचे मुखपान ही मुळात याहूची कल्पना. ‘माय याहू’ १९९६ सालचे. ग्रंथालयांच्या जगात तिचा गंभीरपणे विचार झाला तो अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तेथे १९९८ च्या सुमारास एरिक लीज मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मायलायब्ररी’ नावाची प्रणाली उभी केली. तिच्यात वाचकाला आपल्या विषयाची साधने निवडता येत, पण कोणत्या विषयाखाली कोणती साधने ठेवायची, हे आधी ग्रंथपालांनी ठरवलेले असे. शिवाय ती प्रणाली ग्रंथालयाच्याच संगणकावर चाले. हा तपशील महत्त्वाचा आहे, आणि पुढच्या काळात नेमका तोच गळून पडला.

२००५ साली गूगलने आपले वैयक्तिक मुखपान आणले. २००७ मध्ये त्याला आयगूगल हे नाव मिळाले. त्याच २००५ साली पॅरिसमध्ये नेटवाइब्स सुरू झाले आणि पाठोपाठ पेजफ्लेक्स आले. ‘ग्रंथालय २.०’ हा शब्दप्रयोगही याच सुमाराचा. डब्लिन शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे नेटवाइब्सवरचे पान त्या काळी सर्वत्र नमुना म्हणून दाखवले जाई. आपल्याकडील परिसंवादांतही हा उत्साह दोनचार वर्षांनी पोचला. पेजफ्लेक्स २०१२ च्या आरंभी नाहीसे झाले. गूगलने २०१२ च्या जुलैत घोषणा केली आणि १ नोव्हेंबर २०१३ रोजी आयगूगल बंद केले. मधल्या काळात, १ जुलै २०१३ रोजी, त्यांचा रीडरही गेला. नेटवाइब्स २०१२ मध्ये दासो सिस्टिम्स या मोठ्या फ्रेंच कंपनीकडे गेले आणि विमाने व यंत्रे यांच्या आराखड्यांची आज्ञाप्रणाली विकणाऱ्या त्या कंपनीच्या घरात तेरा वर्षे राहून बंद झाले. ग्रंथालयांनी काही आगळीक केली म्हणून यांतले एकही साधन बंद पडले नाही. आपण त्यांचे ग्राहकच नव्हतो, इतकाच त्याचा अर्थ. फुकटात बसलेल्या माणसाला उठवताना कोणी कारण सांगत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते: सगळेच नश्वर आहे, पुस्तकांनाही कसर लागते, मग एवढ्यासाठी साधन का टाळावे? उत्तर चतुर आहे, पण त्यात एक हातचलाखी आहे. पुस्तकाला कसर लागली तरी दाखलनोंदवहीत त्याची नोंद राहते. कोणते पुस्तक गेले हे कळते आणि दुसरी प्रत मागवता येते. भाड्याचे पान गेले की पुष्कळदा त्याबरोबर त्याची यादीही जाते. त्या पानावर कोणकोणते दुवे होते, कोणत्या क्रमाने होते, का निवडले होते, हे सांगणारा कागद ग्रंथालयात नसतो. वास्तविक अशा बहुतेक साधनांतून फीडची यादी ओपीएमएल नावाच्या एका साध्या मजकूर-धारिकेत उतरवून घेता येते. दोन मिनिटांचे काम. ते किती ठिकाणी झाले असेल? ज्यांना साधन निवडायला तीन बैठका लागल्या, त्यांना ही दोन मिनिटे सापडली नाहीत, कारण आपण केली ती निवड जपण्याजोगी आहे असे निवडणाऱ्यांनाच वाटले नव्हते.

आता मूळ मुद्दा. ही पाने चालतात कशी? एखादे संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यंत्राला वाचता येईल अशी छोटी यादी प्रसिद्ध करते, तिला फीड म्हणतात. मुखपानाचे साधन ठराविक वेळाने ती यादी आणून चौकटीत दाखवते. उरलेल्या चौकटी, म्हणजे हवामान, क्रिकेट, दिनदर्शिका, शोधपेटी, त्या साधनाने तयारच दिलेल्या असतात. यात वाईट काही नाही. परंतु याचा एक परिणाम असा की ज्याला फीड आहे ते पानावर आपोआप जिवंत राहते, आणि ज्याला फीड नाही ते पानावर येतच नाही किंवा एका मुक्या दुव्याच्या रूपात कोपऱ्यात पडून राहते. निवडीचा निकष वाङ्मयीन राहत नाही, तो यंत्राच्या सोयीचा होतो. मग पानावर काय येते? दैनिकांच्या बातम्या येतात, कारण दैनिकांना फीड असतात. इंग्रजी नियतकालिके येतात. ‘अनुष्टुभ’ येत नाही, ‘नवभारत’ येत नाही. १९८२ साली बंद पडलेले ‘सत्यकथा’ तर कोठून येणार? मराठी साहित्यविचार गेल्या शतकात ज्या मासिकांतून, त्रैमासिकांतून आणि अल्पायुषी अनियतकालिकांतून घडला, त्यांतले बहुतेक सारे या चौकटींच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. त्यांचे गठ्ठे आपल्याच ग्रंथालयाच्या कपाटात आहेत आणि मुखपानावर त्यांचा मागमूस नाही, असे चित्र होते. कपाट आणि पान यांचा संबंध तुटल्यावर ते पान ग्रंथालयाचे कसे म्हणायचे?

मराठीला सूचीची परंपरा नसती तर हे क्षम्य मानले असते. पण शंकर गणेश दाते या माणसाने १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची १९४४ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाचा पुढचा खंड १९६१ मध्ये आणला. हजारो नोंदी, त्याही विषयवार लावलेल्या, आणि हाताशी संगणक नव्हता. (‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे दाते ते यशवंत रामकृष्ण, हे वेगळे. विद्यार्थी उत्तरपत्रिकांत दोघांना एक करतात, तेव्हा एवढे सांगून ठेवतो.) दात्यांची सूची आज उघडून पाहावी. पुस्तक हाती घेऊन, पाहून, त्याची जागा ठरवणारी एक बुद्धी प्रत्येक नोंदीमागे जाणवते. ग्रंथालयाचे मुखपान हे त्या जातीचे काम आहे. ते सूचीकाराचे काम आहे, सजावटकाराचे नव्हे. ज्या भाषेत दात्यांसारखे काम झाले, त्या भाषेच्या ग्रंथालयांनी आपली निवड पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या तयार चौकटींवर सोपवावी, याला मी आधुनिकता म्हणायला तयार नाही.

हे सारे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेतो. वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले आणि दलित वस्तीच्या विहिरीचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. गावाला त्या विहिरीचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. आता समजा, या गावातून एसटीने सोलापुरात शिकायला येणाऱ्या एम.ए. मराठीच्या विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी हाच विषय घेतला: १९३० च्या दशकातील सोलापूर जिल्हा, दलित चळवळ आणि तिचे लेखन. ग्रंथालयाच्या मुखपानाने तिला काय द्यावे?

तयार साधनाचे पान तिला आजच्या बातम्या देईल, सोलापूरचे तापमान देईल, आणि शोधपेटी देईल. शोधपेटीत गावाचे नाव टाकले की बसचे वेळापत्रक, पिनकोड आणि जमिनीच्या जाहिराती यांच्या खाली कुठेतरी विहिरीचे छायाचित्र सापडेल. एखाद्या जाणत्या ग्रंथपालाने रचलेले पान याच जागी काय देईल? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांकडे ते बोट दाखवील. १९३० साली सुरू झालेल्या ‘जनता’ साप्ताहिकाच्या फाइली कोठे पाहायला मिळतील, हे त्यावर असेल. मुंबई गॅझेटियरचा सोलापूरवरचा विसावा खंड (१८८४) आणि पुढे राज्य शासनाने काढलेला सुधारित जिल्हा गॅझेटियर या दोन्हींचे दुवे शेजारी असतील, म्हणजे दोन काळांनी एकाच जिल्ह्याकडे कसे पाहिले हे तिला ताडून पाहता येईल. ‘शोधगंगा’वर या विषयाचे प्रबंध शोधताना मराठी शब्द कोणते आणि रोमन रूपे कोणती वापरायची, याच्या चार ओळी असतील. आणि शेवटी, आपल्याच कपाटात यासंबंधी कोणती पुस्तके कोणत्या वर्गांकाखाली आहेत, हे असेल. ही माहिती कोणत्याही विजेटमध्ये मिळत नाही. ती एका माणसाच्या डोक्यात असते, आणि ते डोके निवृत्त झाले की तीही निवृत्त होते. मुखपानाचे खरे प्रयोजन ती माहिती उतरवून ठेवणे हे आहे.

विहीर आणि संगणकाचे पान यांची बरोबरी करण्याचा उथळपणा मला करायचा नाही. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न वेगळ्या पातळीवरचा असतो. तरीही ज्या गावाने आपले पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर असणे म्हणजे काय हे अनुभवले आहे, त्या गावच्या मुलीला ज्ञानाची वाट दाखवताना ती वाट कोणाच्या मर्जीवर चालू राहणार आहे, एवढे विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

भाषेचा मुद्दा तर या चर्चेत कोणी काढतच नाही. वळसंगपासून अक्कलकोटपर्यंतच्या पट्ट्यात घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी असंख्य कुटुंबे आहेत. सोलापूर शहरातल्या विणकर वस्त्यांत तेलुगू आहे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातला वचनकार, आणि त्याची वचने कन्नड आहेत. येथे मराठी साहित्य शिकायचे तर कन्नडचे दार उघडे ठेवावेच लागते. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तयार साधन मात्र सुरुवातीलाच विचारते: तुमची भाषा कोणती? देश कोणता? आणि एका उत्तरावर सारे बेतते. ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ निवडली की त्या भाषेच्या तयार चौकटी हजर होतात. मराठी असलीच तर बातम्यांपुरती. मराठी व कन्नड शेजारी शेजारी हवे, म्हणजे ‘वचन संचय’सारख्या प्रकल्पाने शोधता येण्याजोगी केलेली कन्नड वचने एका बाजूला आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी कोणताही तयार साचा सुचवणार नाही. ती सोलापूरच्या माणसालाच सुचेल.

कोशांचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि हा जुन्या मराठीचा कोश असे तिन्ही शोधता येतात. विनामूल्य. मराठीच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला याहून मोलाचा दुवा नाही, आणि पदवी हातात पडेपर्यंत ज्यांना तो माहीत नसतो असे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. मराठी विश्वकोशाचे खंड महाजालावर आले, पण त्यांचा पत्ता गेल्या काही वर्षांत बदलला आणि जुने दुवे कितीतरी ठिकाणी अजून तसेच टांगलेले दिसतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक प्रकाशने पीडीएफ रूपात खुली केली. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या जुन्या प्रकल्पात प्रतिमारूपाने उतरवलेली मराठी पुस्तके, मूळ संकेतस्थळ बंद पडल्यावर, इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. मात्र त्यांची शीर्षके अशा काही विलक्षण रोमन लिपीत नोंदलेली आहेत की लेखकालाही आपले पुस्तक ओळखता येऊ नये. ‘ज्ञानेश्वरी’ शोधायची तर चारपाच स्पेलिंगे करून पाहावी लागतात. यांतले एकही साधन फीडवर चालत नाही. ही अचल, न हलणारी साधने आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासाला बहुतांशी अशीच साधने लागतात. दर तासाला ताजे होणाऱ्या पानाची गरज शेअर बाजाराच्या दलालाला असते. ‘लीळाचरित्र’ वाचणाऱ्याला ताजेपणा नको, अचूक दुवा हवा.

जुन्या फाँटांचे दुखणेही येथेच नोंदवायला हवे. युनिकोड रुळण्यापूर्वी महाजालावर चढवलेला पुष्कळ मराठी मजकूर त्या त्या फाँटाविना नुसता चिन्हांचा चिखल दिसतो. तो कोणत्याही शोधयंत्राला सापडत नाही. अशा मजकुराकडे नेणारा दुवा, ‘हा मजकूर शोधून सापडणार नाही, येथून थेट जा’ या सूचनेसह, माणसानेच द्यावा लागतो.

या साधनांच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो असा: वाचक प्रौढ आहे, त्याला काय हवे ते त्याला ठरवू द्या, ग्रंथपालाने किंवा प्राध्यापकाने त्याच्या डोक्यावर आपली निवड का लादावी? वैयक्तिक मुखपान म्हणजे वाचकाचे स्वातंत्र्य. ऐकायला हे लोकशाहीचे वाटते. पण निवडीचे स्वातंत्र्य त्यालाच उपयोगी पडते, ज्याला निवडण्याजोगे काय काय आहे हे ठाऊक आहे. पुण्यातल्या प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला ते जेवणाच्या ताटावर समजते. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिली पिढी आहे, त्याला रिकामे पान देऊन ‘तुला हवे ते मांड’ म्हणणे हा स्वातंत्र्याचा उपहास आहे. तो त्यात क्रिकेट आणि नोकरीच्या जाहिराती मांडेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यांत वाचकाचा वेळ वाचवणे हा एक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने दरवर्षी शून्यापासून तेच दुवे शोधत बसावे, यात कोणाचा वेळ वाचतो? आधी सर्वांसाठी एक नीट रचलेले पान हवे. त्यावर उभे राहून ज्याला स्वतःचे वेगळे पान करायचे असेल त्याने खुशाल करावे. मॉर्गन यांच्या प्रणालीत हाच क्रम होता.

आणि हे वैयक्तिक पान उघडायला खाते लागते. खाते म्हणजे ईमेल, कधी मोबाइल क्रमांक. ग्रंथालयात कोण काय वाचतो हे गुप्त ठेवणे ही या व्यवसायाची जुनी नीती. आपला विद्यार्थी रोज कोणत्या दुव्यावर जातो याची नोंद एका परक्या कंपनीकडे जमा करण्याची ‘सोय’ ग्रंथालयानेच करून द्यावी, हे मला अनाकलनीय वाटते.

मग हा आग्रह येतो कोठून? उत्तर सर्वांना माहीत आहे. मूल्यांकन समिती येणार असते. तिच्या निकषांत ग्रंथालय हे अध्ययनाचे साधन म्हणून स्वतंत्रपणे तपासले जाते आणि ‘माहिती-तंत्रज्ञानाचा वापर’ दाखवायचा असतो. रंगीत चौकटींचे पान एका सकाळी तयार होते आणि पडद्यावर झळकते. समिती जाते, पान तसेच राहते. दोन वर्षांनी त्यातले निम्मे दुवे मेलेले असतात आणि एका चौकटीत इंग्रजीतून ‘ही सेवा उपलब्ध नाही’ असे लिहिलेले असते. अहवालात मात्र ते पान जिवंत असते.

साध्या पानाचे काय झाले? एका एचटीएमएल धारिकेत, युनिकोड मराठीत, पंचवीस-तीस दुवे, प्रत्येकापुढे दोन ओळींचे टिपण. एवढ्याने काम भागते. असे पान स्वस्त मोबाइलवरही क्षणात उघडते, आणि आमचे विद्यार्थी ग्रंथालयाच्या संगणकापेक्षा मोबाइलवरच अधिक वाचतात. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ते ठेवता येते, पेनड्राइव्हवर नेता येते, उद्या संकेतस्थळाचा कंत्राटदार बदलला तरी दुसऱ्या जागी जसेच्या तसे चढवता येते. त्याची छापील प्रत काढून ग्रंथालयाच्या फलकावर लावता येते, हा तर मला त्याचा मोठा गुण वाटतो. कोहासारखी मुक्त ग्रंथालय-प्रणाली जेथे बसवलेली आहे तेथे तिच्या वाचक-तालिकेच्या पहिल्या पानावरच हे दुवे देता येतात, म्हणजे कपाट आणि महाजाल एकाच ठिकाणी दिसते. कोहा न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रामीण ग्रंथालयाच्या गरजेतून जन्मली आणि २००० च्या आरंभी तेथे सुरू झाली, हे ग्रामीण महाविद्यालयांनी लक्षात ठेवावे. पैसा आणि मनुष्यबळ नाही, ही सबब तेथेही सांगता आली असती.

ज्याला तयार साधन वापरायचेच आहे त्याने ते ग्रंथपालाच्या मेजावर वापरावे. नव्या पुस्तकांच्या घोषणा, विद्यापीठाची परिपत्रके, अनुदानाचे शासननिर्णय यांवर लक्ष ठेवायला फीडवाचक उत्तम आहे. त्यातून जे निवडण्याजोगे वाटेल ते आपल्या पानावर हाताने लिहावे. साधन बंद पडले तर ग्रंथपालाची एक सकाळ जाईल, विद्यार्थ्यांचे काही जाणार नाही.

राहता राहिला प्रश्न की हे पान लिहायचे कोणी. ग्रंथपालांची पदे कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे रिकामी आहेत. जेथे भरलेली आहेत तेथे तो एकटा माणूस देवघेव, दाखलनोंद, एन-लिस्टचे संकेतशब्द आणि परीक्षेची कामे यांत बुडालेला आहे. एन-लिस्टमधूनही मराठीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला फार थोडे येते, कारण तेथील बहुतांश ऐवज इंग्रजीतला. तेव्हा मराठीचे पान मराठी विभागाने लिहावे, दुसरा मार्ग नाही. आणि येथे आमच्या व्यवसायबंधूंचा चेहरा उतरतो. ‘ते संगणकाचे काम, संगणकवाल्यांनी करावे’ हे वाक्य मी इतक्या विभागांत ऐकले आहे की ते अभ्यासक्रमात लावलेले असावे अशी शंका येते. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांतला फरक दोन ओळींत सांगणे हे संगणकाचे काम आहे काय? ‘जनते’च्या फाइलींची वाट संगणकशास्त्राचा प्राध्यापक दाखवणार काय? पुस्तकांची शिफारस-यादी वर्षातून एकदा विभागाकडून जाते, तिच्यावर आपण सही करतो आणि कोणते पुस्तक घ्यायचे यावरून प्रसंगी भांडतोही. दुव्यांची यादीही त्याच नियमाने विभागाकडून जावी, तिच्यावर नावे असावीत, आणि दर सत्राच्या आरंभी एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून तिच्यातला प्रत्येक दुवा उघडून तपासून घ्यावा. मेलेला दुवा कोणता, बदललेला पत्ता कोणता, टिपणात चूक कोठे, हे त्यांनी लिहून द्यावे. संदर्भसाधनांची ओळख या घटकाला गुण असतातच. त्या गुणांसाठी गाइडमधली व्याख्या उतरवण्याऐवजी त्यांनी हे केले तर सोलापूर विद्यापीठाच्या परिसरातल्या प्रत्येक मराठी विभागाकडे तीन वर्षांत स्वतःची, तपासलेली, मराठीत टिपणे असलेली यादी तयार होईल. वळसंगच्या त्या विद्यार्थिनीला गॅझेटियरचा दुवा चालत नसल्याचे आढळले, तर पुढच्या वर्षीच्या पानावर तो तिच्याच हाताने दुरुस्त झालेला असेल.